दंडाला दिलेले झटके

"कॅन्सर नाही, पण त्याच्या वाटेवर आहे," डॉक्टर म्हणाल्या. बायोप्सीचा, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा, रिपोर्ट समोर होता. गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी बिघडल्या होत्या. कारण एचपीव्ही, शरीरसंबंधातून येणारा, सर्रास आढळणारा विषाणू. "दोन मुलं आहेत ना? मग पिशवी काढून टाकू."

मी छत्तीस वर्षांची होते. फाईल उचलली आणि बाहेर पडले.

भुईगावला घरी सासूबाई म्हणाल्या, "कोनाला बोलू नको. लोक काय म्हनतील?" नवरा मात्र म्हणाला, "दुसऱ्या डॉक्टरांना विचारू."

मुंबईच्या एका रुग्णालयात क्लिनिकल ट्रायल, म्हणजे नव्या उपचाराची चाचणी, चालू होती. दंडात त्या विषाणूच्या नमुन्यावर बनवलेल्या डीएनएचं इंजेक्शन आणि लगेच तिथेच विजेचे झटके. याला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. झटक्यानं पेशींच्या आवरणाला क्षणभर बारीक छिद्रं पडतात, डीएनए आत शिरतो आणि शरीर त्या विषाणूशी लढायला शिकतं.

"गुण येईलच असं नाही," तिथले डॉक्टर म्हणाले. "नाही आला, तर बिघडलेला भाग तेवढा काढू." कोणीतरी पहिल्यांदाच मला पुरतं सांगत होतं. संमतीपत्र दोनदा वाचून सही केली.

पहिल्या झटक्याला दंड आपोआप उडाला. नर्स म्हणाली, "ओरडलात तरी चालेल." मी मनसोक्त ओरडले. अशा तीन खेपा झाल्या.

मग महिनोन्‌महिने वाट पाहणं. गल्लीत कुजबुज सुरू झाली, हिला शॉक देतात, डोक्यात काहीतरी आहे. एका शेजारणीला मी थांबवलं. "डोक्याला नाही, दंडाला देतात. आजार गर्भाशयाच्या तोंडाचा आहे. तुम्ही कधी तपासलंत?"

शेवटच्या बायोप्सीत बिघडलेल्या पेशी नव्हत्या. औषधानं गेल्या की आपोआप, हे एका बाईवरून सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तपासणी चालूच ठेवायची आहे. मला सगळं खरं सांगणाऱ्या त्या माणसाची मी ऋणी आहे.

बायांनो, रिपोर्ट लपवू नका. विचारा, दोनदा विचारा.

मागच्या आठवड्यात वालीवला मी काम करते त्या कारखान्यातल्या सहाजणींनी अर्धा दिवस सुट्टी मागितली. सुपरवायझरनं कारण विचारलं. मी सगळ्यांदेखत सांगितलं, "गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी." त्यानं मान खाली घातली. आमच्यातल्या एकीनंही घातली नाही.