मिळनं म्हना

धुळ्याच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, तेव्हा शिरपूरकडचा नाना नावाचा एक गाडीवान जिनिंगच्या कारखान्यात कापूस घेऊन यायचा. वाटेत कुणी जखमी दिसला, की त्याला कापसावर आडवा करून आधी आमच्या दारात आणायचा. आणि जिनिंगमध्ये माल द्यावा तसा माणूस ताब्यात द्यायचा.

"दोन हात, दोन पाय, डोकं जरासं फुटेल शे. मोजी ल्या, भाऊ. अन् मिळनं म्हना."

"अरे बाबा, माणूस आहे हा, कापूस नाही!" मी खेकसायचो.

"म्हनीसनच तं मोजी देस."

मी 'मिळाला' म्हटल्याशिवाय तो बैलांना हात लावत नसे. जखमी बिचारा कण्हत पडलेला, आणि आमचं हे चाललेलं!

एकदा त्याची गाडी आली ती हाकणाऱ्याविना. वाटेत गाडी कलंडता कलंडता हा खाली पडला होता. पाय मोडलेला, कसाबसा कापसावर चढला आणि पुढची वाट बैलांनीच सवयीने धरली. आम्ही उचलायला गेलो, तर तो गाडीचा दांडा सोडेना. मग मीच मोजलं, "दोन हात, दोन पाय. मिळाला, नाना."

त्याने डोळे उघडले. "एक पाय मोडेल शे, भाऊ. पहिलेच सांगी देस. मंग म्हनशात, गाडीवाननी मोडा!"