पंपावरचे वीस

"मॅडम, हात काढा! स्टार्ट दाबू नका!"

मी ओरडले, तेही मराठीत. असं ओरडले की जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या मोटारींचा कारखाना दोन मिनिटं बंद पडला असेल. पण बटण दाबून झालं होतं. स्क्रीनवर ब्लडप्रेशर चढत चढत आल्प्सच्या वर गेलं आणि खाटेवरचा पेशंट मेला.

पेशंट रबरी होता, हे नशीब. हॉस्पिटलच्या ट्रेनिंगच्या खोलीत मी नव्या नर्सेसना आयसीयूतली जहाल औषधं शिरेतून कशी द्यायची ते शिकवते. नियम एकच: एकीने औषध सोडणारा पंप लावायचा, दुसरीने स्वतःच्या डोळ्यांनी आकडा ताडून पाहायचा. डॉक्टरांच्या कागदावर दोन होते, पंपावर मी मुद्दाम वीस टाकले आणि छाती पुढे काढून विचारलं, बरोबर आहे ना? मॅडमनी पंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यात फॉर्म घेऊन बसलेल्या वॉर्डच्या हेडकडे पाहिलं. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणाल्या, सही केली आणि बोट स्टार्टकडे नेलं.

ही त्यांची तिसरी आणि शेवटची परीक्षा. पास झाल्या तर आयसीयू, नाहीतर नाही.

या मॅडम म्हणजे माझ्याच नर्सिंग कॉलेजातल्या शिक्षिका. लाईट गेली, पंप बंद पडला, की सलाईनचे थेंब डोळ्यांनी मोजायच्या. थेंबसुद्धा त्यांना टरकून रांगेत पडायचे, शपथेवर सांगते. लेबल न वाचता अँप्यूल फोडली म्हणून एकदा माझ्या हातावर अशी चापट मारली, की तो हात आजही लेबल वाचल्याशिवाय काही उघडत नाही. रिटायर व्हायला पाच वर्षं उरली असताना मीच त्यांना इकडे ओढलं. फोनवर थापा मारल्या, इथे सगळं पंपच करतो, सिस्टरने नुसती कॉफी प्यायची. पन्नाशी उलटल्यावर त्या बाई माझ्या शब्दावर जर्मन शिकल्या.

हेड ओरडली नाही. फॉर्मवर खूण केली आणि मृदू आवाजात म्हणाली, की यांना वृद्धांच्या वॉर्डात पाठवू, तिथेही माणसं लागतातच. ट्रेनर म्हणून खाली सही माझी हवी होती. मी केली.

कपडे बदलायच्या खोलीत मॅडम युनिफॉर्मची घडी घालत होत्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मी बाकावर बसले आणि विचारलं, मॅडम, तुम्हाला वीस दिसले नाहीत?

"दिसले की. पण तुझ्या हेडसमोर तुझी चूक कशी काढू?"