पुढचा भाग असतोच, वैनी

यांचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते, परिपाठ नुकताच संपला होता. दिगंबरभावजींना घेऊन हे पहाटेच परभणीला डायलिसिससाठी गेले होते. फोनवर मागे कुणाच्या तरी चपला वाजत होत्या, कुणीतरी खुर्ची सरकवली, आणि मग एवढंच म्हणाले, "सुई लावायच्या आधीच... तू घरी जा." मी फळ्यावर तारीख लिहीत होते. ती पूर्ण लिहिली आणि खडू जागेवर ठेवला. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आता याला काही आठवडे झाले. माणसं भेटायला येतात आणि सांगतात, फार देवमाणूस होता. देवाचं करायचे हे खरं, पण देवमाणूस वगैरे काही नव्हते. हट्टी होते, आठ-आठ दिवस रुसायचे, आणि जिभेला हाड नव्हतं. माझं त्यांचं जमलं ते पिक्चरमुळे, आणि तेही पडेल पिक्चरमुळे.

आमचं घर गुरवाचं. पोखर्णीचा नरसिंह मोठा, तिथं गर्दी असते. त्याच रस्त्याला लागून आमचं गाव आणि गावात आमचा लहानसा नरसिंह. पूजेची पाळी भावकीतल्या तीन घरांत फिरते आणि वैशाखातली जयंती दर तीन वर्षांनी एका घराकडे येते. देवळावर पोट भरत नाही, म्हणून हे सोसायटीत कारकून आणि भावजींचं परभणीला फ्लेक्स छापायचं दुकान. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळं तेच बनवायचे. एखाद्या सरपंचाचा वाढदिवस असला की त्याच्या मागे निळ्या विजा, फाटलेलं आकाश आणि उडणारा अंगरखा असा थाट करून द्यायचे. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. आपण कुठल्या परदेशी हिरोच्या जागी उभे आहोत हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसायचं.

लग्नानंतर पहिल्यांदा मला पिक्चरला नेलं ते भावजींनीच. हेही आले होते, पण थिएटरात अंधार झाला की यांना झोप लागते. पिक्चर हिंदीत केलेला परदेशी होता. त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण मला त्याची अजून चीड आहे. गोष्ट साधी होती. बंदरावर हमाली करणारे दोन भाऊ. धाकट्याच्या अंगात अचानक अचाट ताकद येते, तो तोंडावर मुखवटा चढवून लोकांना वाचवत फिरतो. थोरल्याला काहीच शक्ती नाही. शेवटी पूल कोसळताना थोरला एका अडकलेल्या गाडीचं दार धरून उभा राहतो, आतली माणसं निघतात आणि तो पाण्यात जातो. धाकटा पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. मी नवी नवरी, पदराने डोळे पुसत बसले होते, आणि शेजारी हे घोरत होते. बाहेर आल्यावर मी म्हटलं की थोरल्याला मारायला नको होतं. भावजी गाडीला किक मारता मारता थांबले. म्हणाले, "त्यो मेला म्हणून तर पिक्चर हाय, वैनी." एवढं बोलून त्यांनी किक मारली.

त्या दिवसापासून आमची जोडी जमली. मास्तरीण बाई आणि तिचा दीर सुपरहिरोचे पिक्चर बघायला जातात, याची गावात चेष्टा व्हायची. सासूबाई तर उघड म्हणायच्या की या दोघांना कुणीतरी पहिलीत बसवा. पहिल्या पिक्चरला भावजींनी बाजारातून त्या हिरोचा टीशर्ट आणला होता, छातीवर मोठा मुखवटा छापलेला. दुसरा भाग येईपर्यंत घालून घालून त्याची रया गेली. आणि दुसरा भाग आला तो असा आला की काय सांगू. एकाच्या जागी पाच हिरो, सगळे विनोद करतायत, शहरं पत्त्यांच्या बंगल्यांसारखी पडतायत आणि मरत कुणीच नाही. आमचा बंदरावरचा हमाल मुखवटा काढून मुलाखती देत फिरतो. मध्यंतरात भावजींनी भजी घेतली आणि तशीच हातात धरून बसले. पुढे आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, जणू तो पिक्चर मीच काढला होता.

रुसवा गेल्यावर देवळाच्या ओट्यावर बसून त्यांनी मला त्यामागचं सगळं समजावलं. त्यांचं म्हणणं, दुसऱ्या भागात हमखास मुखवटा काढतात आणि तिथंच घोळ होतो. लोकांना तोंड बघायचं असतं असं पिक्चरवाल्यांना वाटतं. लोकांना तर काम बघायचं असतं. मग गाभाऱ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्याचा दुसरा भाग कुणी बघितलाय का? खांबातून आला, उंबऱ्यावर बसला, काम केलं, गेला. परत यायचं झालं तर देव दुसरंच रूप घेऊन आला. त्याला कळतं, ह्या लोकांना कळंना." मी चिडवलं की मग तुम्ही दुसऱ्या भागाला जाता कशाला. तेव्हा नुसते हसले. नंतरही ते प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या भागाला गेले, प्रत्येक वेळी मला घेऊन, आणि बहुतेक वेळा आम्ही तोंड पाडून परत आलो. येताना त्यांची ठरलेली तक्रार, "पुन्हा फसवलं." आणि महिन्याभरात पुढच्याची वाट बघणं सुरू.

आमच्या देवाला पितळेचा मुखवटा आहे. एरवी तो ज्याची जयंती त्या घरी असतो, आणि जयंतीला सूर्य बुडतानाच तो मूर्तीवर चढवायचा. दिवसही नको, रात्रही नको, अशी ती वेळ. आमच्याकडे जयंती असली की चिंच आणि राख लावून मुखवटा घासायचं काम भावजींचं. वेळही तेच ओळखायचे. समोरच्या खांबावरचं ऊन कुठल्या दगडावर आलं की हात उचलायचा, हे यांना आजही नीट सांगता येत नाही. एका वर्षी मी ट्रंक उघडली तर देवाचा मुखवटा त्या जुन्या टीशर्टात गुंडाळलेला. मी भडकले. म्हटलं, भावजी, घरात काय लाल कापडाचा दुष्काळ पडलाय का? ते म्हणाले की लाल कापड नवं असतं, त्यानं पितळेवर ओरखडे पडतात. हे सुती धुऊन धुऊन लोण्यासारखं झालंय. आणि वर हळूच, की दोघं एकाच धंद्यातले आहेत. मी हसू दाबलं आणि ट्रंक लावून टाकली.

मूत्रपिंडाचं कळलं तेव्हा आधीच पुष्कळ बिघडलं होतं. आठवड्यातून ठरलेले दिवस परभणी, हातावर सुयांच्या गाठी, पाणी मोजून. उन्हाळ्यात बर्फाचा लहान तुकडा गालात धरून फ्लेक्सची डिझाइनं करत बसायचे. त्यांच्या लग्नाचा विषय आधीच मागे पडला होता, तो आता कुणी काढेना. आणि अशात त्या पिक्चरचा तिसरा भाग येणार म्हणून जाहीर झालं. जुनाच दिग्दर्शक परत आला होता, जाहिरातीत तोच कोसळणारा पूल दिसत होता. भावजी फोनवर ती जाहिरात बघता बघता ताट निवून जाऊ द्यायचे. फक्त एक अडचण होती. पिक्चर लागायचा शुक्रवार आणि आमच्या घरची जयंती एकाच दिवशी येत होते. ज्या घरची जयंती, त्या घरच्या सगळ्या पुरुषांनी सकाळपासून उपाशी, देवळातच राहायचं असतं.

मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी बघा. तर दुसऱ्या दिवशी डायलिसिस. तिसऱ्या दिवशी बघा. तर तोवर फोनच सांगून टाकतो, कोण मेलं न् कोण राहिलं. त्यांनी आपल्या मनाने तोड काढली. भावकीतल्या बबनरावांकडे पुढच्या वर्षीची जयंती होती. त्यांच्याशी बदल करायचा, या वर्षी त्यांनी करावी, पुढच्या वर्षी आपण. आमच्यात पाळी बदलायची तर देवापुढे नारळ ठेवून बदलतात, आणि एकदा ठेवलेला नारळ परत उचलत नाहीत. हे नको म्हणत होते. मलाही हा बदल नको होता, कारण डॉक्टर मला काय म्हणाले होते ते मलाच माहीत होतं. नारळ ठेवायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना अंगणात गाठलं. म्हटलं, "भावजी, पुढच्या वर्षाचं कुणी सांगावं? हातातली जयंती सोडू नका." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी का बोलतेय हे त्यांना कळलं, मला खात्री आहे. म्हणाले, "पुढचा भाग असतोच, वैनी."

नारळ ठेवला. आणि जयंतीच्या तोंडावर बातमी आली की पिक्चर पुढे ढकलला.

त्या संध्याकाळी देवळात मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. ते ओट्याच्या कडेला, खांबाला पाठ लावून बसले होते. मुखवटा त्यांनीच घासून बबनरावांच्या हाती दिला होता. ऊन त्या दगडावर आलं तशी भावजींची बोटं मांडीवरून उचलली गेली, आपोआप, आणि बबनरावांनी अजून हात उचलला नव्हता. मग भावजींनी बोटं मुठीत धरली. बबनरावांनी थोडा वेळ लावला, पण मुखवटा चढला, घंटा वाजल्या, सगळे खूश होते. मला रडू येत होतं आणि राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

पिक्चर लागला दिवाळीनंतर. तोवर भावजींना जिना चढवत नव्हता. यांनी त्यांना धरून वर नेलं आणि त्या दिवशी हे झोपले नाहीत. पहिला अर्धा तास बरा होता. बंदर दाखवलं, पाऊस दाखवला, भावजी पुढे सरकून बसले. मग हिरो कुठल्याशा यंत्रातून मागच्या काळात गेला, पुलावर पोचला, आणि थोरला वाचून चिखलाच्या पायांनी घरी आला. नुसता वाचला नाही, शेवटच्या मारामारीत तोही मुखवटा घालून उडायला लागला. थिएटरात शिट्ट्या पडल्या. मी भावजींकडे बघितलं. ते मागे टेकले होते आणि डोळे मिटले होते. पिक्चर संपल्यावर पडद्यावर नावं सरकत राहिली. त्यांची सवय शेवटच्या नावापर्यंत बसायची, कारण त्यानंतर कधीकधी पुढच्या भागाची झलक असते. त्या दिवशी मीच म्हटलं, थांबू या. ते म्हणाले नको.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. त्यांना चहा चालत नव्हता, म्हणून माझा कप नाकाशी धरून नुसता वास घेतला आणि परत दिला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की हिरोचं काम बरं होतं. त्यांनी मान हलवली. रस्त्याकडे बघत होते. मग इतक्या हळू आवाजात म्हणाले की यांना ऐकूही गेलं नसेल, "ह्याच्यासाठी मी देव सोडला, वैनी."

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी जयंती आपलीच हाय की." त्यांचंच म्हणणं मी त्यांच्याच भाषेत त्यांना परत दिलं. ते माझ्याकडे बघून हसले, अगदी तसेच, दुसरा भाग बघायला जाता कशाला असं विचारल्यावर हसले होते तसेच. मग गाडीत बसले. पोखर्णीच्या फाट्यापाशी गाडी वळली तेव्हा त्यांनी सवयीने हात जोडले.

त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स दुकानातल्या जोडीदाराने केला. मागे निळ्या विजा होत्या. यांना ते आवडलं नाही, मला आवडलं. पण घरी एकटी असले की मला तो तिसरा भाग आठवतो. मेलेला भाऊ दार उघडून चालत येतो, पायांना चिखल, जणू बाजाराला गेला होता. तेव्हा मला त्या पिक्चरवाल्यांची किळस आली होती. आता रोज वाटतं, यावं. तसंच वाईट, खोटं, शिट्ट्या मिळवणारं काहीतरी व्हावं आणि भावजी दारातून आत यावेत. मी एक शब्द तक्रार करणार नाही. त्यांना मात्र ते मुळीच पटलं नसतं, हेही मला माहीत आहे.

परवा बबनराव आले. मुखवटा त्यांच्याकडेच होता, तो नव्या लाल कापडात बांधून आणला होता. बसले, पाणी प्यायले, आणि मुखवटा माझ्या पुढ्यात सरकवून म्हणाले, "नारळ ठेवलेला हाय. ही जयंती तुमच्याच घराची, मी घेणार न्हाई." हे नुसतं हो म्हणाले. तेव्हापासून हे रोज संध्याकाळी देवळात जाऊन त्या खांबासमोर उभे राहतात आणि ऊन कुठं येतं ते बघतात. 

मी बबनरावांचं लाल कापड सोडलं आणि ट्रंकेतून टीशर्ट काढला. छातीवरचं चित्र आता जवळजवळ गेलंय, नुसत्या डोळ्यांच्या दोन खाचा राहिल्यात. कापडाला चिंचेचा वास येतो. हे म्हणाले, धुऊन घे. मी नाही धुतला. मुखवटा तसाच त्यात गुंडाळला आणि वैशाखापर्यंत ठेवून दिला. जयंतीला मी तो उलगडून यांच्या हाती देईन. हे उपाशी राहतील, वेळ साधतील, मुखवटा नीट चढेल, घंटा वाजतील. सगळं जसं व्हायला हवं तसंच होईल... आणि मला ते आवडणार नाही.