एक कानात, एक मातीत

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी दोन्ही कानांत एकसारखं काही घातलेलं पाहिलं असं कुणी म्हणालं, तर तो माणूस एकतर थाप मारतोय, नाहीतर त्यांच्या लग्नाला हजर होता. बीडच्या बाजारात, नारायणगडाच्या जत्रेत, अगदी पुतण्याच्या लग्नात व्याह्यांच्या पंगतीला बसल्या तरी एका कानात करवंटीचा चंद्र आणि दुसऱ्यात जुन्या साडीच्या चिंधीचं फूल, असाच त्यांचा थाट. त्या पंगतीत नवी विहीण चाचरत म्हणाली, "ताई, तुमचं एक कानातलं कुठं पडलं वाटतं." जाऊबाई जिलबी मोडत म्हणाल्या, "पडलं न्हाई, पुरलंय." विहीणबाईंचा घास हातातच राहिला आणि पुढचं सगळं मलाच निस्तरावं लागलं.

या सगळ्याला कारण आमच्या गोठ्यातली तांबडी गाय. तिनं एकदा चारा सोडला, पोट फुगलं, डॉक्टरांनी पोट उघडलं आणि आतून घमेलंभर प्लास्टिक बाहेर काढलं. त्या लगद्यात जाऊबाईंचाच केसांचा गुलाबी चाप निघाला. टाके पडले तशी गाय पुन्हा निवांत रवंथ करायला लागली, पण जाऊबाईंना काही केल्या जेवण जाईना. तो चाप धुऊन त्यांनी देवघराच्या कोनाड्यात ठेवला आणि जाहीर केलं, की इथून पुढं अंगावर घालीन ते जनावराच्या पोटात गेलं तरी पचणारंच. आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

तेव्हापासून त्यांची खरेदी म्हणजे पोलीस तपास. दुकानातलं काही घ्यायचं नाही, ज्यानं हातानं बनवलं त्याच्याकडूनच घ्यायचं, असा नियम. बीडमध्ये कुठं हस्तकलेचं प्रदर्शन लागलं की या सकाळी टेबलं मांडायच्या आधीच हजर. वस्तू बघायच्या आधी बनवणारीचे हात बघायच्या. बोटांना रंग, सुईचं टोचलेलं, डिंकाची खपली असं काही दिसलं तरच पुढची बोलणी. मग वस्तूचा वास घ्यायचा, आणि कुणाचं लक्ष नाहीसं पाहून हळूच जिभेला लावायची. पुण्याहून आलेली एक डिझायनर बाई गडबडून म्हणाली, "काकू, ते खायचं नाहीये." यांनी शांतपणे विचारलं, "कावून? इख हाय का त्यात?" आम्ही कपिलधारला गेलो तेव्हा अख्खं घर धबधब्याखाली भिजत होतं आणि या पायथ्याशी लाकडी मण्यांच्या माळा विकणाऱ्या बाईपाशी मांडी घालून बसल्या होत्या. धबधबा कसा होता विचारलं तर म्हणाल्या, "मणी लई चांगले हायेत. बाभळीचे."

पण खरी परीक्षा घरी. गोठ्याशेजारी एक जुनी दगडी नांद होती, शेणखत आणि मातीनं भरलेली. घेतलेल्या जोडीतलं एक कानातलं, आकडा काढून, त्या नांदेत पुरलं जायचं. वर खुणेची काडी. दुसरं कानात. मातीतलं मातीला मिळालं, की बनवणारी पास. नाही मिळालं, तर तिला फोन. "मी बीडहून बोलती. तुमचं फूल अजून जसंच्या तसं हाय. तुमी त्यात काय घातलंय, खरं सांगा." काहीजणींनी यांचा नंबर ब्लॉक केला. पास झाल्याचा फोन ऐकून एक मात्र हमसून हमसून रडली म्हणे. आतापर्यंत एवढ्या आस्थेनं माझं काही कुणी पुरलं नव्हतं, असं ती म्हणाली. एकदा शेळीनं यांची सुपारीच्या पानांची पर्स खाल्ली. आम्हाला वाटलं, आता शेळीची धडगत नाही. जाऊबाईंनी दोन दिवस तिच्यावर पाळत ठेवली आणि ती ठणठणीत आहे म्हटल्यावर त्याच बाईकडून तशाच आणखी पर्स मागवल्या.

आणि एक दिवस अशा बाईपुढं माझ्या लेकीनं, मुक्तानं, स्वतःच्या हातची कानातली ठेवली. कापसाची वेचणी झाली की शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची नुसती खोडं, उरतात. त्या चुलीत जातात. मुक्तानं त्या वाळवून त्यांच्या पातळ चकत्या कापल्या, घासल्या, भोवती रंगीत सूत गुंडाळलं. तिला पुढं हेच काम करायचं होतं. आमच्या ह्यांनी तिच्यासाठी बँकेच्या परीक्षेचा क्लास बघून ठेवला होता. "जे चुलीत घालायचं ते कानात कोण घालणार?" असं म्हणून झाल्यावर त्यांनी शेवटचा निकाल दिला, "वहिनी पास म्हणल्या तर क्लासचं नाव काढणार न्हाई."

जाऊबाईंनी चकती हुंगली, चाखली. एक पुरली, एक कानात घातली. त्यानंतर पोरगी रोज उठून आधी नांदेपाशी जायची. उकरायची परवानगी नव्हती. पावसाळा गेला, थंडी आली, पोरीचं तोंड उतरत चाललं आणि क्लासवाल्यांचे फोन वाढले. अखेर एका सकाळी जाऊबाईंनी एकटीनंच खुरप्यानं नांद उकरली, वरची काडी उपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गेली! माती झाली पार." मुक्तानं त्यांना असं कवटाळलं की खुरपं माझ्या पायावर पडलं. ह्यांनी मुकाट्यानं फोन बंद केला. मग जाऊबाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "पर बाई, पुढल्या टायमाला वरून ते चकचकीत लावू नकोस. माझ्या कानाला लई खाज सुटती." मोठ्या आईचा शब्द म्हणून मुक्तानं तेव्हापासून वॉर्निश सोडलं आणि जवसाचं तेल चोळायला लागली. आज तिच्या चकत्या पुण्यापर्यंत जातात.

जाऊबाईही पुण्याला गेल्या, लेकाकडे, आठव्या मजल्यावर. जाताना नांद माझ्या हवाली केली. परवा त्यात कढीपत्ता लावायचा म्हणून माती उपसली, तर खाली एक चकती. पुसली, तर लखलखली. भोवतीचं सूत कुजून गेलेलं, पण वॉर्निशच्या आत पऱ्हाटी जशीच्या तशी. मुक्ताची पहिली. जगातल्या कुणाला एका धाग्याची सूट न देणारी ही बाई माझ्या लेकीसाठी सगळ्यांदेखत खोटं बोलली होती, आणि तिची चूक खाजेच्या नावावर खपवून गेली होती. माझे डोळे भरून आले. तसाच फोन लावला.

"जाऊबाई, ती चकती सापडली."

कुठली चकती, हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "पोरीला दावली का?"

"नाही."

"मग परत पुर. आन खोल पुर. अजून तिची मुदत संपली न्हाई."

"आणि दुसरी कुठंय?"

"कानात हाय की," त्या म्हणाल्या. "हितं आठव्या मजल्यावर माती कुठली गं."

मी चकती परत पुरली, खोल. वर कढीपत्ता लावला, आणि शेजारी खुणेची एक काडी खोचली.