कोणजाणे घराण्याचे चमचे

आमच्या आत्याला खोटं बोलता येत नसे, आणि त्याचा त्रास तिच्यापेक्षा नातेवाइकांनाच जास्त झाला. कुणाकडे जेवायला गेली की ती आधी चमचा उलटा करून दांड्यामागे बघायची. मग यजमानीणबाई ज्याला माहेरची चांदी म्हणत, त्यावर नुसता मुलामा आहे हे सगळ्यांदेखत सांगून मोकळी व्हायची. तिचे भाऊ, म्हणजे आमचे वडील, तिला शक्यतो चहालाच न्यायचे. पण चहालाही चमचा असतोच.

तिचं कामच ते होतं. जुन्या चांदीच्या एका दुकानात मागच्या खोलीत ती बसायची. चमचा तोंडाशी धरून हळूच फुंकर घालायची. श्वासाची वाफ धरली की झिजलेले ठसे क्षणभर उठून दिसत. एक ठसा गावाचा, एक सालाचा आणि एक घडवणाऱ्याचा. पहिले दोन सरळ वळणाचे. तिसऱ्यात मात्र कुणी अक्षरं कोरलेली असत, कुणी पक्षी, कुणी मनाला येईल ते.

एकदा एक निवृत्त दातांचे डॉक्टर चमचा घेऊन आले. गाव लागलं, साल लागलं. पण घडवणाऱ्याच्या ठशातला तो हंस होता की किटली, हे काही केल्या कळेना. डॉक्टरांचा सगळा जन्म लोकांचे जबडे उघडे ठेवून त्यांना प्रश्न विचारण्यात गेलेला. त्यामुळे उत्तर नीट ऐकायची सवय नव्हती.

"कोणी घडवलाय हा?"

"कोण जाणे," आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी डोळे मिटले. "वाटलंच होतं मला," ते म्हणाले.

घरी जाऊन त्यांनी तो चमचा काचेच्या कपाटात ठेवला आणि खाली चिठ्ठी लावली: घडवणारे, कोणजाणे. ती बघून गेलेले लोक दुकानात येऊ लागले, एखादा कोणजाणे असेल तर दाखवा म्हणून. असा कुणी माणूसच नाही, असं आत्याने परोपरीने सांगितलं. ते एकमेकांकडे बघून हसत. बाई चांगला माल दडवून ठेवतेय, अशी त्यांची खात्रीच पटे. दुकानाचे मालक तर खरी गोष्ट या कानाची त्या कानाला कळू देईनात. कधीच न ओळखता आलेल्या चमच्यांचा एक खण मागे धूळ खात पडला होता, त्यावर त्यांनी ते नाव रंगवूनच घेतलं. त्यातल्या एका चमच्यावर मासा, दुसऱ्यावर पंजा, तिसऱ्यावर फणीसारखं काहीतरी. एकाच ठशात न अडकलेला कलावंत, असं डॉक्टर म्हणाले. चमच्यांच्या सालांत दीडशे वर्षांचं अंतर होतं, तेव्हा माणूस काटक असणार, असंही म्हणाले. मग कोणजाणेंच्या चाहत्यांचं मंडळ निघालं. अध्यक्ष अर्थातच डॉक्टर.

आत्याला जेवण गोड लागेना. शेवटी डॉक्टरांचाच चमचा मागून आणून तिने तिरप्या उन्हात धरला, तेव्हा उलगडा झाला: हंस नाही, किटली नाही, एकमेकांत गुंतलेली दोन अक्षरं होती. ओळखीचा, अगदी सामान्य कारागीर. ती तडक मंडळाच्या बैठकीत गेली आणि तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला. कोणजाणेंचा माल स्वतःच्या नावावर खपवल्याबद्दल त्या कारागिराच्या निषेधाचा ठराव मग एकमताने मंजूर झाला.

त्यानंतर एक दिवस छत्र्या दुरुस्त करणारा एक माणूस तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. वयाने तिच्याएवढाच, शर्टाची सगळी बटणं लावलेला.

"मी कोणजाणे," तो म्हणाला.

मंडळाने थट्टा करायला पाठवलाय, असं आत्याला वाटलं. पण तो चेष्टेतला नव्हता. आईवडील त्याने पाहिले नव्हते. शेजारच्या एका बाईने वाढवलं, तिनेच शाळेत घातलं. मास्तरांनी आडनाव विचारलं, बाईने सांगितलं, मास्तरांनी लिहून घेतलं. त्या आडनावाचं दुसरं माणूस त्याला उभ्या जन्मात भेटलं नव्हतं.

त्या बाईने मास्तरांना काय सांगितलं असणार, हे आत्याला तत्क्षणी कळलं. तिने बोलायला तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तसंच मिटलं.

"कसे होते हो ते, हे चमचे घडवणारे आमचे कोणजाणे?" त्याने विचारलं.

आत्याने खणातला एक चमचा काढला, फुंकर घातली, बराच वेळ बघितला. "हात हलका होता," ती म्हणाली. "कडा घासताना घाई केलेली नाही. धरणाऱ्याच्या अंगठ्याचा विचार केलाय."

यात खोटं काहीच नव्हतं. तो दुसऱ्या दिवशीही आला. मग रोजच येऊ लागला, आणि ती त्याला एकेका चमच्याबद्दल सांगत गेली. खण संपत आला तसं तिला राहवेना. शेवटचा चमचा हातात घेऊन तिने सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांचं, आणि मास्तरांचंही.

"म्हणजे यांचंही माझ्यासारखंच झालं म्हणायचं," तो म्हणाला, आणि चमचा पुसून परत ठेवला.

पुढे दोघांनी लग्न केलं. आत्याने आडनाव बदललं नाही, याची हळहळ डॉक्टरांना जन्मभर राहिली. संसार बरा झाला. फक्त घरात खिडकी एकच, आणि उजेड दोघांनाही लागायचा. तिच्या टेबलावर त्याच्या छत्रीच्या काड्या आल्या की ती करवादायची, आणि तो खुर्ची वीतभर मागे घ्यायचा.