डोंगराच्या पलीकडचा ठिपका

सिम्युलेटर सेक्शनला माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी सार्जंट होतो. नोकरीची चौदा वर्षं झाली होती. ट्रेड रडार फिटर. तोपर्यंतची सगळी वर्षं लढाऊ विमानांच्या नाकातली रडार उघडण्यात आणि परत बसवण्यात गेली होती. नव्या जागी विमान नव्हतं. एका थंडगार हॉलमध्ये फक्त कॉकपिट होतं. समोर मोठा पडदा, मागे संगणकांची कपाटं. तरुण पायलट त्यात बसून शत्रूचं विमान शोधायला शिकत. चुकले तर पडदा लाल होई. पायलट घाम पुसून बाहेर येई आणि चहा पिई.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. आमचा दिवस सकाळी सहाला सुरू होई. सहाला पॉवर ऑन, सहा चाळीसला चेक्स पूर्ण, सातला पहिला पायलट. मी आणि कॉर्पोरल राजन कन्सोलवर बसायचो. पायलटच्या स्कोपवर, म्हणजे रडारच्या छोट्या पडद्यावर, जे दिसे ते आमच्यासमोरही दिसे. टार्गेट कुठं ठेवायचं ते आम्ही ठरवत असू.

दुसऱ्या आठवड्यात मला खोट सापडली.

आमच्या विमानात तेव्हा जे रडार होतं, ते आकाशाकडे तोंड असताना बरं काम करी. नाक जमिनीकडे वळलं की जमीन, झाडं, डोंगर, सगळ्यांवरून लहरी परत येत आणि स्कोप पांढऱ्या कचऱ्यानं भरून जाई. सुपातल्या कोंड्यात एक दाणा शोधावा, तसं त्यात विमान शोधावं लागे. बहुतेक वेळा सापडत नसे. सिम्युलेटरच्या स्कोपवर मात्र कचरा नव्हताच. कितीही खाली उडा, एकच स्वच्छ ठिपका दिसे. शिवाय पडद्यावर जे डोंगर होते ते नुसतं चित्र होतं. रडारला ते माहीतच नव्हते. टार्गेट डोंगराच्या पलीकडे असलं तरी ठिपका दिसायचा.

मी स्नॅग रजिस्टरमध्ये, म्हणजे बिघाडांच्या नोंदवहीत, लिहिलं: लो लेव्हलला रडार पिक्चर रिअलिस्टिक नाही. आठ दिवसांनी त्यापुढे शेरा आला: अ‍ॅज पर कॉन्ट्रॅक्ट. क्लोज्ड. सेक्शनचे प्रमुख एक स्क्वाड्रन लीडर होते. माणूस वाईट नव्हता. पण मशीन पुरवठादाराकडून ताब्यात घेताना कागदावर सही त्यांचीच होती.

"सार्जंट, ट्रेनिंगला एवढं पुरेसं आहे," ते म्हणाले.

फ्लाइट लेफ्टनंट सतीश विशे त्याच महिन्यात पहिल्यांदा सिम्युलेटरवर आले. वय सव्वीस. बसण्याआधी त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली.

"धानके? कुठले?"

"मुरबाड तालुका, सर."

"मुरबाडात कुठं?"

"सिद्धगडाच्या पायथ्याला."

ते मोठ्यानं हसले. "मी शहापूरचा. मूळचे आमी डोळखांबकडले. इतक्या लांब येऊन शेवटी शेजारीच भेटला म्हनायचा!"

तेव्हापासून हॉलमध्ये तिसरं कुणी नसलं की ते घरच्या बोलीत बोलत आणि मला धानकेदादा म्हणत. मी त्यांना शेवटपर्यंत सर म्हणालो. त्या हिवाळ्यात आमची रजा एकाच वेळी पडली. म्हसा गावच्या जत्रेत ते वडिलांना घेऊन आले होते. विशे गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. घरात एक बैल नसताना अख्ख्या बाजारातल्या बैलांचे दात बघत हिंडत होते. मला म्हणाले, "सतीश सांगतो, तुमी त्याला शिकवता."

मी म्हणालो, "मी नाय गुरुजी, मशीन शिकवतं. मी फक्त चालू करतो."

रजेवरून परतल्यावर विशेंच्या लो लेव्हल सॉर्टी, म्हणजे जमिनीलगतची उड्डाणं, सुरू झाल्या. पहिल्या सॉर्टीनंतर ते थेट आमच्याकडे आले. हेल्मेट हातातच होतं.

"दादा, तुमचं मशीन खोटं बोलतंय."

"माहीत आहे, सर."

"वर नुसता पसारा दिसतो. काय पन कळत नाय. हितं मात्र ठिपका येनार म्हंजे येनार. आपन वाट बघत ऱ्हातो."

"मी लिहिलं होतं. क्लोज्ड म्हणून परत आलं."

"परत लिवा. आता माझं नाव घाला."

मी दुसऱ्यांदा लिहिलं, त्यांच्या नावानिशी. शेरा तोच आला. आणि कोर्स थांबणार नव्हता, म्हणून ते त्याच मशीनवर येत राहिले. ठिपका मीच ठेवत होतो. किती वेळा ठेवला असेल, सांगता येणार नाही.

तो दिवस मंगळवार होता. फेब्रुवारी. नऊ वीसला त्यांनी टेक-ऑफ घेतलं. डोंगराळ भागावर दोन विमानांचा इंटरसेप्शनचा सराव होता. एक खालून जाणार, दुसऱ्यानं त्याला शोधायचं. शोधणारे विशे होते. त्याच वेळी मी एका दुसऱ्या पायलटला सिम्युलेटरवर तोच एक्सरसाइज देत होतो. नऊ पन्नासला फोन वाजला. स्क्वाड्रन लीडरनी ऐकून घेतला आणि रिसीव्हर ठेवला.

"स्टॉप द एक्सरसाइज."

मी पॉवर ऑफ केली. राजननं माझ्याकडे बघितलं. काय झालं, हे विचारावं लागलं नाही. हवेत त्या वेळी आमची दोनच विमानं होती आणि एक परत येत असल्याचा आवाज ऐकू येत होता. ते विशेंचं नव्हतं.

भाषा येते म्हणून शवपेटीबरोबर मला पाठवलं. शहापुरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. सलामी झाली. अग्नी गुरुजींनी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात विमान डोंगरावर आदळल्याची बातमी होती. अपघाताच्या कारणाची चौकशी सुरू, वैमानिकाची चूक असण्याची शक्यता. अंगणात बसलेल्यांपैकी कुणीतरी तेवढीच ओळ मोठ्यानं वाचली. दुसरा म्हणाला, "पोराची चूक म्हंजे... काय बोलनार?"

गुरुजींनी मला घराच्या मागच्या बाजूला नेलं. विशेंची आई चुलीपाशी बसली होती. चूल विझलेली होती.

"चूक त्याची असंल तर असू दे," गुरुजी म्हणाले. "मी चाळीस वर्षं मुलांच्या चुका काढल्यात. पण चूक कशी झाली ते मला कळायला पायजे."

मी त्यांना सांगितलं. स्वच्छ ठिपका, न दिसणारे डोंगर, सगळं. खाली उडताना विमान एका सेकंदाला पाव किलोमीटर जातं, हेही सांगितलं. शेवटी म्हणालो, "त्या मशीनवर त्याला मी बसवत होतो."

विशेंच्या आईनं पहिल्यांदा मान वर केली.

गुरुजींनी विचारलं, "हे तू वर कुणाला सांगितलंस?"

"दोनदा लिहिलं."

"मग तिसऱ्यांदा सांग. लिहू नको. तोंडानं सांग."

मी स्टेशनला परतलो त्या दिवशी टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता. चौकशीच्या फाइलला लावायचं सर्टिफिकेट. सिम्युलेटरचं रडार सर्व्हिसेबल असून सदर उड्डाणाच्या सरावासाठी रिअलिस्टिक आहे. खाली माझं नाव, नंबर, रँक.

"साइन करा," स्क्वाड्रन लीडर म्हणाले.

"नाही, सर."

"काय?"

"सर्व्हिसेबल आहे, सर. मशीन चालू आहे. तेवढंच लिहा, आत्ता सही करतो. रिअलिस्टिक लिहिलं तर करणार नाही."

"सार्जंट, एप्रिलमध्ये तुमचं प्रमोशन बोर्ड आहे."

"येस, सर."

"आणि हुकूम मोडला तर काय होतं, ते माहीत आहे?"

"येस, सर."

त्यांनी पेन माझ्यासमोर ठेवलं. मी हात मागे बांधून उभा राहिलो. मिनिटभरानं त्यांनी कागद फाइलमध्ये घातला. सहीविना. तेव्हा मला भीती वाटली नाही, असं सांगणार नाही. गावी घराचं काम अर्धं होतं, दोन मुली शाळेत होत्या. पण तो कागद माझ्या सहीनं गेला असता तर मला शहापूरच्या रस्त्यानं घरी जाता आलं नसतं.

चौकशी एका ग्रुप कॅप्टनकडे होती. चौथ्या दिवशी अकरा दहाला मला आत बोलावलं. टेबलावर टेप रेकॉर्डर होता. विशेंचा आवाज मला ओळखता येतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी शेवटचा भाग लावला. आधी जमिनीवरच्या कंट्रोलरनं टार्गेट सरळ समोर, खाली असल्याचं सांगितलं.

"टार्गेट ट्वेल्व ओ'क्लॉक, लो."

"लुकिंग."

चार सेकंद खरखर.

"स्टिल लुकिंग."

पुढे टेप फिरत राहिली. आवाज नव्हता.

"आवाज त्यांचाच आहे, सर," मी म्हणालो. "लुकिंग म्हणजे ते स्कोपमध्ये बघत होते. ठिपका येण्याची वाट बघत होते. ही सवय आमच्या मशीननं लावली. आपण पाच मिनिटं येऊन बसा. मी दाखवतो."

स्क्वाड्रन लीडर कोपऱ्यात उभे होते. "सार्जंट, धिस इज नॉट युअर जॉब."

"सर, माझी सही मागितली होती. सही कशावर करायची, ते बघणं माझं काम आहे."

ग्रुप कॅप्टन त्यांच्याकडे वळले. "कसली सही?"

मी त्या सर्टिफिकेटचं सांगितलं. ग्रुप कॅप्टन उठले आणि सिम्युलेटर हॉलकडे चालू लागले.

ते स्वतः हजारो तास उडालेले पायलट होते. मी त्यांना तीनशे फुटांवर ठेवलं. समोर डोंगररांग होती. राजननं टार्गेट रांगेच्या बरोबर पलीकडे ठेवलं. स्कोपवर स्वच्छ ठिपका आला.

"कॉन्टॅक्ट," ग्रुप कॅप्टन म्हणाले आणि रडार ठिपक्यावर लॉक करायला लागले. तेवढ्यात विमान डोंगरावर आदळलं. पडदा लाल झाला.

"अगेन."

दुसऱ्या वेळीही तेच झालं. तिसऱ्या वेळी मी हेडसेटवर सांगितलं, "सर, पुढे डोंगर आहे."

"आय नो."

तरी ठिपका आला तशी त्यांची नजर खाली गेली. पडदा तिसऱ्यांदा लाल झाला. ते बराच वेळ कॉकपिटमधून उतरले नाहीत. मग म्हणाले, "माहीत असून खाली बघितलं. ठिपका होता ना."

रजिस्टर त्यांनी स्वतः काखेत घेऊन नेलं. लो लेव्हलचा तो एक्सरसाइज त्याच संध्याकाळी बंद झाला.

अहवालातली 'पायलट एरर' ही ओळ गेली नाही. त्याखाली दुसरी ओळ आली. सिम्युलेटरवरील चुकीच्या सरावाचा अपघाताला हातभार लागला. मला ती पहिली ओळ आजही मान्य नाही आणि हे मी विचारणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला सांगितलं. पुरवठादारानं हात वर केले तेव्हा आमच्याच लोकांनी दुरुस्ती हाती घेतली. मी आणि राजन नकाशांवरून एकेका डोंगराची उंची काढून देत होतो. वर्षाहून जास्त काळ लागला. काम संपलं तेव्हा स्कोपवर कचरा आला, डोंगरामागे सावली आली, आणि ठिपका कधी दिसे, कधी नाही. नव्या बॅचचा एक पायलट चिडून म्हणाला, "सार्जंट, तुमचा स्कोप खराब आहे. काही दिसत नाही."

"स्कोप आता बरोबर आहे, सर," मी म्हणालो. "आपण बाहेर बघा."

एप्रिलच्या यादीत माझं नाव नव्हतं. पुढच्या वर्षीही नव्हतं. मग लांबच्या एका डेपोत बदली झाली. मी सार्जंट म्हणूनच निवृत्त झालो. गावातले कधी म्हणतात, "एक सही केली असती तर वरच्या हुद्द्यानं आला असता." मी म्हणतो, तो कागद आज समोर ठेवा. आजही करणार नाही.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी शहापुरात विशेंच्या शाळेत त्यांचा फोटो लागला. मैदानात मांडव होता. मी छातीवर मेडलं लावून गेलो. भाषणं झाली. एक पाहुणे म्हणाले, नियतीपुढे कुणाचं काय चालतं. दुसऱ्यांनी त्या चुकीबद्दल काहीच न बोलता बरंच काही सुचवलं. गुरुजींचं नाव कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. ते काठी टेकत उठले आणि माइकपाशी गेले.

"माझा मुलगा चार सेकंद खाली बघत होता," ते म्हणाले. "का बघत होता, ते सांगतो."

त्यांनी काठी उचलून मांडवाबाहेर दाखवली. तिथं माहुलीचे सुळके उन्हात उभे होते.

"त्या माहुलीच्या पलीकडं कुणी उभा असला तर हितनं दिसंल का?"

लोक माहुलीकडे वळून बघू लागले.

"विचारतोय मी. दिसंल?"

"नाय," मागच्या रांगेतल्या बायका म्हणाल्या.

"त्याला शिकवणाऱ्या यंत्रात दिसायचा. माझ्या पोरानं दोन कानांनी ऐकलं, दोन डोळ्यांनी बघितलं आणि शिकवलं तसं केलं. चूक लिहायची तर सगळी लिहा."

मग त्यांनी रडार म्हणजे काय, ते अर्धा तास समजावून सांगितलं. मी आठ वर्षांत कुणाला इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. एकही माणूस उठून गेला नाही. विशेंच्या आई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या.

बोलून झाल्यावर गुरुजी खाली बसले. मुलाचं नाव घ्यायचं त्यांच्यानं झालं नाही. मी उभा राहिलो, टाचा जुळवल्या आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात रँकसकट नाव घेतलं.

फ्लाइट लेफ्टनंट सतीश महादेव विशे.