उसनी भाची

समाजकार्याच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं, की पूर्वी हे काम म्हणजे दानधर्म होता, पुढे त्याचं शास्त्र झालं. त्या शास्त्रातला मोठा नियम असा, की समोरच्याचं गुपित त्याचं असतं, आपण ते फक्त सांभाळायचं. नियम करणाऱ्याने म्हसवडकडची गावं पाहिली नसणार. तिथे एसटीतून उतरलेल्या माणसाला पाणी नंतर विचारतात, आधी विचारतात, "कुणाकडं आलायसा?"

मी साताऱ्याच्या एका दवाखान्यात काम करते. बाळंतपणानंतर तिकडच्या एका घरातल्या सुनेचं मन फार बिघडलं होतं. बाळाला जवळही घेईना. औषधांनी ती सावरली, पण गोळ्या मध्येच सुटल्या तर पुन्हा तेच, म्हणून मला तिच्या घरी अधूनमधून जाणं भाग होतं. सासूने हात जोडले. "येऊ नगा, बाई. धाकट्या लेकीची सोयरीक जमतीया. गावात कळलं तर मोडंल." मग तीच म्हणाली, "माजी भाची म्हणून येशीला का?"

मी सुनेकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

झाले भाची. पण उसनं नातं फुकट मिळत नाही. पारावरच्या एका आजोबांनी मला नात ठरवलं, माझ्या लग्नाची काळजी अंगावर घेतली आणि फौजेतली स्थळंही आणली. मी घरात शिरले की सासू आधी दार लावायची, मगच गोळ्यांचा विषय. त्या बंद दाराआड सून हळूहळू हसायला लागली. एकदा बाळाला मांडीवर घेऊन तीट लावत होती.

नणंदेचं लग्न तोंडावर आलं तेव्हा मी गेले, तर शेजारीण पापड लाटायला आलेली. त्यामुळे दार उघडंच होतं. बोलता बोलता तिचं लाटणं थांबलं. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. "पोरगी बाळाकडं बघतच न्हाई वं. नुसती रडती. कुणीतरी करणी केलीया म्हनत्यात."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, पण ते सांगणं माझ्या हातात नव्हतं. सासू माझ्याकडे बघत डोळ्यांनीच नको म्हणत होती.

बोलली ती सून. "करणी न्हाई, काकू. मला बी असंच झालतं. गोळ्यांनी बरं वाटलं." आणि माझ्याकडे हात करून म्हणाली, "ह्या आमच्या पाव्हण्या न्हाईत. दवाखान्यातल्या हायत."

शेजारणीने लाटणं खाली ठेवलं. मग हलक्या आवाजात मला म्हणाली, "मग माज्या घरला तुमी कोण म्हणून येशीला?"

सासू उठून दाराकडे गेली. मला वाटलं, आता दार लावणार आणि सुनेवर तुटून पडणार. तिने दाराची दुसरी फळीही ढकलून सताड उघडली.

"जा, लेकीला हितं घिऊन ये," ती शेजारणीला म्हणाली. "माजी भाची बघंल तिला."